फरक नाही, तर खुर्च्या परत द्या

मानसशास्त्र विभागात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. हजेरीपटावर नाव होतं, तेवढंच. बाकी विद्यार्थ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे तिला घड्याळबाई म्हणत, कारण काळ्या दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच तिच्या गळ्यात सकाळी पडायचं ते विभागाला कुलूप लागेपर्यंत निघायचं नाही. हुद्दा प्रयोगशाळा परिचर. काम म्हणाल तर, प्रयोगाला आलेल्या माणसाला टेबलाशी बसवायचं, सूचना वाचून दाखवायच्या, ‘सुरू’ म्हणायचं, बटण दाबायचं आणि कागद गोळा करायचे. हे ती अठ्ठावीस वर्षं करत होती. सूचना सगळ्यांना त्याच शब्दांत आणि त्याच सुरात. घरी नवऱ्याला जेवायला बोलावतानासुद्धा तिचा सूर बदलत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. “मला वाटतं, जेवण झालं की ही कागद गोळा करणार,” म्हणायचा.

रागीट म्हणून तिची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. पण तिचा राग उगाच उकळणारा नव्हता. कुणी उशिरा आलं, कप फोडला, पंखा चालू ठेवून गेलं, तर ती फक्त भुवई वर करायची. मोजमापात कुणी लबाडी केली की मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ह्याला कारण होतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, विभागात जुन्या बाई असताना, एक साधा प्रयोग होता. गाणं चालू असताना शब्द पाठ होतात का, एवढंच बघायचं. चाळीस विद्यार्थी. निम्मे शांत खोलीत, निम्मे गाण्याच्या खोलीत. बाईंनी चिठ्ठ्या टाकून माणसं वाटायला सांगितली होती. हिला वाटलं, एवढ्यासाठी कशाला चिठ्ठ्या? जे आधी आले त्यांना शांत खोलीत बसवलं आणि मागून आले त्यांना दुसरीकडे. दोन दिवस मन लावून कागद भरले आणि मोठ्या उत्साहाने बाईंपुढे ठेवले.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “आधी कोण आलं?”

“हुशार मुलं, बाई. ती नेहमीच वेळेवर येतात.”

“मग शांत खोलीत जास्त शब्द आठवले ते शांततेमुळे, की हुशारीमुळे?”

बाईंनी दोन दिवसांचे कागद मधोमध फाडले आणि टोपलीत टाकले. ही सामानाच्या खोलीत जाऊन ओक्साबोक्शी रडली. थोड्या वेळाने बाई तिथेच आल्या, एका पालथ्या खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “ऐक. दोनच रीती आहेत. एक, वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी वागणूक द्यायची आणि गट ताडून बघायचे. दुसरी, त्याच माणसाला दोन्ही वागणुकी द्यायच्या आणि त्याला त्याच्याशीच ताडून बघायचं. पहिल्या रीतीत माणसं सारखी नसतात, म्हणून चिठ्ठी. कोण कुठे जाणार हे ना तू ठरवायचं, ना मी, ना त्याने. दुसऱ्या रीतीत माणूस तोच असतो, पण तो सरावतो, दमतो, कंटाळतो. म्हणून निम्म्यांना एक क्रम, निम्म्यांना उलटा. माणसं वेगळी असली की माणसांचा घोळ, आणि माणसं तीच असली की कालचा दिवस आजच्यात शिरतो. कुठलीही रीत घे, एक भोक बुजवावंच लागतं.”

हे शब्द तिने जन्मभर जपले. तिचं शिक्षण शाळेपुरतंच. पण नवे प्राध्यापक आकडेमोडीची मोठमोठी नावं घेऊन यायचे तेव्हा ती दाराशी उभी राहून एकच विचारायची, “चिठ्ठ्या कापू का?” त्यावरून माणूस कसा आहे ते तिला कळायचं.

आताच्या सरांनी कधी हो म्हटलं नव्हतं.

सर वाईट नव्हते. हुशार, बोलके, सदा घाईत. गावाबाहेर इंजेक्शनच्या कुप्या भरणारा एक कारखाना होता. त्याच्या मालकांना कुठेसं वाचून समजलं होतं की उभं राहून काम केलं की माणूस सावध राहतो. तपासणीच्या बायका खुर्चीत बसून काम करत. त्या उभ्या राहिल्या तर खराब कुप्या जास्त सापडतील का, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध करून द्या, असं पत्र विभागाला आलं. सर खूश. घड्याळबाईला ‘सिद्ध करून द्या’ हे शब्दच खटकले. तपासून द्या म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. पण ती गप्प राहिली, कारण तिची धाकटी बहीण त्याच कारखान्यात तपासणीला होती आणि मालकांबद्दल आपण वाकडं बोलायला नको असं तिला वाटलं.

कुपी तपासणं म्हणजे डोळ्यांत तेल घालून करायचं काम. दिव्याखाली अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी असते. कुपी हलकेच फिरवायची, आतलं पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, ती काळ्यापुढे धरायची, मग पांढऱ्यापुढे. आत पांढरा कण असेल तर काळ्यावर दिसतो, काळा असेल तर पांढऱ्यावर. काचेला तडा, टोपी सैल, पाणी कमी, सगळं त्या काही सेकंदांत बघायचं आणि कुपी डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायची. दिवसाला हजारो. धाकटी हे काम एकोणीस वर्षं करत होती. घरी पाण्याचा पेला हातात घेतला तरी आधी फिरवून उजेडात धरायची.

कारखान्यात तपासणीच्या दोन खोल्या होत्या. सरांनी सोपा मार्ग काढला. पहिल्या खोलीत बसून काम चालेल, दुसऱ्या खोलीतल्या खुर्च्या काढायच्या. दोन्हीकडे चांगल्या कुप्यांमध्ये शंभर खराब कुप्या मिसळून द्यायच्या आणि किती पकडल्या ते मोजायचं. मोजायला घड्याळबाई.

पहिल्या खोलीत पाऊल टाकताच तिच्या लक्षात आलं. तिथे सगळ्या धाकटीच्या वयाच्या, निम्म्यांना जाड भिंगाचे चष्मे. दुसऱ्या खोलीत सगळ्या वर्ष-दोन वर्षांपूर्वी लागलेल्या पोरी, नव्या भरतीच्या वेळी डोळे तपासून घेतलेल्या. वर त्या खोलीतले दिवेही नवे.

परतताना गाडीत ती म्हणाली, “सर, ह्या दोन खोल्या ताडून काय कळणार? तिकडे तरणे डोळे, इकडे चष्मे. सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून माणसं वाटली असती तर...”

“खोल्या बदलायला कारखाना तयार नाही, बाई. काम बंद पडतं त्यांचं. आणि तुम्ही फक्त घड्याळ सांभाळा.”

ती गप्प बसली. ह्या गप्प बसण्याचा राग तिला पुढे सरांवरच्या रागाहून जास्त आला.

निकाल ठरल्यासारखाच लागला. बसणाऱ्यांनी शंभरात एकाहत्तर पकडल्या, उभ्या असलेल्यांनी त्र्याऐंशी. सरांनी अहवाल दिला, वर एक लेख लिहून नियतकालिकाला धाडला. पंधरा दिवसांत पहिल्या खोलीतल्या खुर्च्या गेल्या. भिंतीवर सूचना लागली: ‘शास्त्रीय अभ्यासातून सिद्ध झाल्याप्रमाणे यापुढे तपासणीचे काम उभे राहून करावे.’

महिनाभराने, रविवारी दुपारी, धाकटी आली. दारातच चपला काढताना तिने भिंतीचा आधार घेतला. पाय सुजून टम्म झालेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या. ती पलंगावर बसली आणि पाय उशीवर ठेवून म्हणाली, “ताई, तुमच्या कॉलेजने आमच्या खुर्च्या नेल्या.”

“माझ्या कॉलेजने नाही नेल्या.”

“मग कुणी? तू घड्याळ घेऊन बसली होतीस ना आमच्या खोलीत? मला तर अभिमान वाटत होता. पोरींना सांगत होते, ती माझी बहीण.”

घड्याळबाईने कोमट पाण्याची बादली आणली, धाकटीचे पाय त्यात सोडले आणि खाली बसून ते चोळत राहिली. पाणी गार होत आलं. मग धाकटीच म्हणाली, “आम्ही म्हाताऱ्या झालो हे आम्हाला माहीत आहे गं. पण आम्ही कमी पकडतो ते बसल्यामुळे, हे कुणी ठरवलं? आम्हाला नवीन चष्मे दिले असते तर?”

सोमवारी सकाळी सर खोलीत यायच्या आधीच घड्याळबाई त्यांच्या टेबलापुढे उभी होती.

“सर, तो अहवाल मागे घ्या.”

“काय झालं?”

“तुम्ही खुर्च्या मोजल्याच नाहीत. वय मोजलंत. पहिल्या वर्षाच्या पोरांना तुम्ही स्वतः फळ्यावर लिहून देता की गट चिठ्ठीने पाडा, नाहीतर निकाल कचऱ्यात टाका. ते फक्त परीक्षेत लिहायला का? लोकांच्या पायांवर प्रयोग करताना ते लागू नाही?”

सरांचा चेहरा लाल झाला. “तुमची बहीण आहे म्हणून तुम्ही बोलताय.”

“हो, आहे. बहीण नसती तर मला हे कळायला आणखी उशीर झाला असता. पण ती माझी बहीण आहे म्हणून तुमचे गट सारखे होत नाहीत.”

सर उठून खिडकीशी गेले. शेवटी वैतागून म्हणाले, “ठीक आहे. वेगवेगळी माणसं हा तुमचा आक्षेप ना? मग तीच माणसं घेऊ. पहिल्या खोलीतल्या बायका एक आठवडा बसून तपासतील, दुसरा आठवडा उभ्या राहून. प्रत्येक बाई स्वतःशीच ताडायची. मग तर समाधान?”

“निम्म्यांना आधी उभं करा.”

“एका खोलीत निम्म्या बसलेल्या, निम्म्या उभ्या? कारखाना म्हणजे काय सर्कस आहे?”

आणि सरांनी आपलंच खरं केलं. पहिला आठवडा खुर्च्या तात्पुरत्या आणून सगळ्या बसून, दुसरा आठवडा सगळ्या उभ्या. खराब कुप्या त्याच शंभर, कारण नव्या तयार करायला वेळ नव्हता. बसून बहात्तर सापडल्या, उभं राहून शहाऐंशी. फरक उलट वाढला! मालकांनी सरांना फोन करून अभिनंदन केलं. सर विभागात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आता बोला, घड्याळबाई.”

तिच्याकडे होता तो नुसता संताप. त्या संध्याकाळी ती थेट धाकटीच्या घरी गेली. वाटलं होतं, ती रडत असेल. धाकटी हसत होती.

“शहाऐंशी? अगं, मला तर वाटलं शंभर होतील. त्या कुप्या आम्हाला पाठ झाल्या होत्या ताई! एकीची टोपी जराशी वाकडी होती, तिला आम्ही तिरळी म्हणायचो. एकीत लांबुळका कण होता, ती मिशाळ. दुसऱ्या आठवड्यात तिरळी हातात आली की शेजारची म्हणायची, आली बघ पाहुणी! आम्हाला वाटलं, जास्त पकडल्या तर खूश होऊन खुर्च्या परत देतील.”

ह्या बायांनी जीव तोडून काम केलं ते खुर्च्या परत मिळाव्यात म्हणून, आणि त्याच कामाचा आकडा त्यांच्या खुर्च्यांच्या मुळावर आला. घड्याळबाईला हसावं की डोकं आपटावं कळेना.

“हे तू सरांना का नाही सांगितलंस?”

“त्यांनी विचारलंच नाही. आमच्याशी कुणी बोललं का? कुप्या मोजल्या आणि गेले.”

आता सरांकडे जाण्यात अर्थ नव्हता. साप गेला आणि भुई धोपटत बसायचं, ह्यावर तिचा विश्वास नव्हता. तिने रजा टाकली, शाळकरी वहीतली चार पानं फाडून त्यावर सगळं लिहिलं आणि कारखान्याच्या गुणवत्ता अधिकारी बाईंची भेट मागितली. ह्या बाई पस्तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलायला तुटक. त्यांनी घड्याळाकडे बघत म्हटलं, “दहा मिनिटं. आणि आधीच सांगते, अभ्यास दोनदा झालेला आहे.”

“मला पाचच पुरेत,” घड्याळबाई म्हणाली. “मॅडम, तुम्ही बसा. मी बारा शब्द वाचते. मग किती आठवतात ते सांगा.”

मॅडमना ते विचित्र वाटलं असावं, पण त्या बसल्या. घड्याळबाईने आपल्या त्या सपाट सुरात वाचलं: कात्री, ढग, बरणी, जिना, पिसू, कंदील, असे बारा शब्द. मॅडमना सात आठवले.

“आता उभ्या राहा.”

त्या उभ्या राहिल्या. हिने तीच यादी पुन्हा वाचली. ह्या खेपेला अकरा आठवले.

“बघा,” घड्याळबाई म्हणाली, “उभं राहिल्यावर तुमची स्मरणशक्ती केवढी वाढली! ही खुर्ची आजच काढून टाका.”

मॅडम हसल्या. “अहो, यादी तीच होती ना! दुसऱ्यांदा आठवणारच.”

“तुमच्या कुप्याही त्याच होत्या.”

मॅडमचं हसू तिथेच थांबलं. त्या खुर्चीत बसल्या, मग खुर्चीकडे बघून पुन्हा उठल्या. घड्याळबाईने ती चार पानं पुढे सरकवली. दहाची चाळीस मिनिटं झाली. शेवटी मॅडमनी खण उघडून एक कागद काढला. खुर्च्या गेल्यापासून बाहेरून परत आलेल्या खराब कुप्यांची यादी होती. अभ्यास खरा असता तर ती कमी व्हायला हवी होती. ती होती तेवढीच राहिली होती. “मला हे कोडं सुटत नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “काय करायचं ते सांगा.”

घड्याळबाईने सांगितलं. दोन्ही खोल्यांतून मिळून चोवीस बायका. प्रत्येकीने दोन्ही प्रकारे काम करायचं, पण कुणी आधी बसायचं आणि कुणी आधी उभं राहायचं ते चिठ्ठीने. खराब कुप्यांचे दोन संच, नवे, सारख्याच अवघड कुप्यांचे. अर्ध्याजणींना पहिला संच बसून मिळेल, अर्ध्याजणींना उभं राहून. दिवे सगळीकडे एकसारखे.

“आणि मध्ये दोन दिवस जाऊ देत,” धाकटीने आदल्या दिवशी बजावलं होतं. “उभं राहून आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं तरी पाय कालचेच असतात.” जुन्या बाईंचं म्हणणं धाकटीने कधी ऐकलं नव्हतं. तिला ते पायांनी शिकवलं होतं. म्हणून मधले दोन दिवस सगळ्यांना लेबलांच्या कामाला बसवायचं ठरलं.

“मोजणार तुम्हीच ना?” मॅडमनी विचारलं.

“नाही. माझी बहीण आहे त्यात. मी चिठ्ठ्या कापीन, पण मोजायला असा माणूस द्या ज्याला कुठला ट्रे बसलेल्या बाईचा आणि कुठला उभ्या बाईचा ते माहीत नसेल. ट्रेवर नुसते आकडे टाका. उद्या कुणी म्हणायला नको की आपलं ते सोनं केलं.”

उपाहारगृहातून बारा खुर्च्या उचलून आणल्या. खोलीत निम्म्या बसलेल्या, निम्म्या उभ्या. सर्कस काही झाली नाही, काम बिनबोभाट चाललं. घड्याळबाई फाटकाबाहेर बाकावर बसून राहिली, आत पाऊल टाकलं नाही.

सहाव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. धाकटीही आली. आकडे टेबलावर होते. बसून: शंभरात अठ्ठ्याहत्तर. उभं राहून: सत्त्याहत्तर.

घड्याळबाई त्या कागदाकडे बघतच राहिली. खरं सांगायचं तर तिला वाटलं होतं, खुर्ची जिंकेल. मनातल्या मनात तिने नव्वद आणि साठ असे आकडेसुद्धा मांडले होते. क्षणभर तिला इतकी निराशा आली की पुन्हा मोजा असं ओठांवर आलं. मग तिला जुन्या बाईंनी फाडलेले कागद आठवले आणि ती म्हणाली, “ठीक आहे. फरक नाही.”

मालकांना बोलावणं गेलं. त्यांनी कागद वाचला, मान हलवली. “छान. फरक नाही म्हणता? मग चाललंय तसं चालू दे. उभ्याच राहू देत.”

आता मात्र तिचा बांध फुटला.

“चाललंय तसं? साहेब, एकोणीस वर्षं बसून चाललं होतं. तुम्ही खुर्च्या नेल्यात कारण म्हणे उभं राहून जास्त सापडतात. जास्त सापडत नाहीत. मग खुर्च्या नेल्यात कशासाठी? बसून आणि उभं राहून काम सारखंच होत असेल, तर ह्या बायांचे पाय सुजतात ते कशासाठी सुजतात? कुणाच्या फायद्यासाठी? तुम्ही म्हणालात शास्त्र म्हणतं. आता शास्त्र म्हणतं की तुम्हाला काहीच मिळत नाही, तर शास्त्राचं ऐकायचं नाही? उभं करायला पुरावा लागला, बसवायला पुरावा लागत नाही. बसू देणं ही साधी माणुसकी आहे!”

तिचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला असणार. मालकांना असं बोलून घेण्याची सवय नव्हती. “ह्या कोण आहेत?” त्यांनी मॅडमकडे बघून विचारलं.

उत्तर धाकटीने दिलं. इतक्या वर्षांत मालकांच्या खोलीत ती पहिल्यांदाच बोलत होती. “माझी ताई आहे,” ती म्हणाली, आणि समोरची पाहुण्यांची खुर्ची ओढून सरळ बसली. “माझ्याने आता उभं राहवत नाही, साहेब. बोला, काय ते बसून ऐकते.”

मॅडमनी हसू लपवायला खाली मान घालून तोंडावर रुमाल धरला. पण त्याच मॅडमनी मग परत आलेल्या कुप्यांचा कागद मालकांपुढे ठेवला आणि स्वतःच्या सहीचं पत्र दिलं की सूचना मागे घ्यावी. मालकांनी आठवडाभर विचार केला आणि सूचना उतरली. जुन्या खुर्च्या तोवर भंगारात गेलेल्या. आले ते पाठ नसलेले स्टूल. घड्याळबाईने त्यावर आणखी दोन पत्रं लिहिली. पाठीच्या खुर्च्या यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत पहिल्या खोलीतल्या दोघींनी नोकरी सोडली होती. त्यांचे पाय कोणत्याच कोष्टकात आले नाहीत.

सरांना तिने तिसऱ्या तपासणीचे आकडे स्वतः नेऊन दिले. “लेख मागे घ्या,” ती म्हणाली. सरांनी कागद वाचला, बराच वेळ वाचला. त्यांना कळलं नाही असं नाही. कळलं म्हणूनच ते नजरेला नजर देईनात. “लेख छापायला गेलाय. आता काय करणार?” एवढंच म्हणाले. मग तिने नियतकालिकाच्या संपादकांना वळणदार अक्षरात पत्र धाडलं, खाली मॅडमची सही घेऊन. सात महिन्यांनी, शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या वर, चार ओळींची दुरुस्ती आली. तोवर तिची बदली विभागाच्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली होती. ‘तुमच्या वयाला बरं’ म्हणून. स्टॉपवॉच जमा करून घेतलं. ती दुरुस्ती तिने कापून धाकटीला दाखवली.

“ह्याने काय होतं?” धाकटीने विचारलं.

“काही नाही. पण खोटं तसंच छापून राहिलं असतं तर मला झोप लागली नसती.”

“तुला झोप लागायला चार ओळी पुरतात होय? मला तर दोन गोळ्या लागतात.”

ती निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी एका सकाळी दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. भरतकामाच्या कारखान्यात कापडातले दोष शोधायचं काम करणारी. कुणाकडून तरी पत्ता काढून आली होती. पिशवीतून तिने एक छापील कागद काढला. त्यांच्याही खोलीतल्या खुर्च्या गेल्या होत्या, आणि कारण म्हणून सरांचा तोच लेख जोडला होता. एकाहत्तर, त्र्याऐंशी. चार ओळींची दुरुस्ती तिथवर पोहोचली नव्हती. लेख मात्र पोहोचला होता.

घड्याळबाईने कागद शेवटपर्यंत वाचला. नवऱ्याने तिचा चेहरा बघितला आणि न विचारता स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला.

“आत ये आणि आधी बस,” ती त्या बाईला म्हणाली. “आता सांग. तुमच्या खोलीत कोण-कोण काम करतं? वय सांग, चष्मे सांग, दिवे सांग. काही गाळू नकोस.”

ती बाई सांगू लागली, आणि घड्याळबाई वहीची पानं फाडू लागली.